टीए स्वतःला शिक्षक समजतात का? (ट्यूट, चेकिंग आणि बाकीची हमाली)

अर्धवट_पीएचडी:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय तेव्हा सांभाळून घ्या. मुंबईतल्या एका सरकारी इंजिनिअरिंग संस्थेत पीएचडी चालू आहे (नाव विचारू नका, गाईड मराठी आहेत). स्टायपेंडच्या बदल्यात दर सेमिस्टरला टीएशिप (टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे सरांना शिकवण्यात मदत) करावी लागते हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. पहिल्या वर्षाचं गणित म्हणजे मोठ्या हॉलमध्ये सर शिकवतात, समोर काहीशे पोरं, आणि मग त्यांच्या चाळीस-पन्नासच्या बॅचेस पाडून आठवड्यातून एकदा ट्यूट (ट्युटोरियल, गणितं सोडवायचा तास), ती आम्ही घेतो. शिवाय क्विझला सुपरव्हिजन, पेपर तपासणे, मार्क मूडलवर (कोर्सच्या वेबसाइटवर) चढवणे, पेपर दाखवायच्या दिवशी पोरांची रडगाणी ऐकणे वगैरे.

सेमिस्टरच्या सुरुवातीला आम्हा टीए लोकांची मीटिंग झाली. त्यात एक्सेल शीट कशी भरायची, कॉपी सापडली तर कोणाला फोन करायचा, रजा हवी तर बदली माणूस कोणी शोधायचा, सगळं सांगितलं. शिकवायचं कसं यावर एक अक्षर नाही. म्हणजे एखादं पोरगं गप्प बसलंय ते समजलंय म्हणून की काहीच समजलं नाही म्हणून, हे ओळखायचं कसं? गणित फळ्यावर पूर्ण सोडवून द्यायचं की अर्ध्यावर सोडून त्यांना करायला लावायचं? कशाचाच पत्ता नाही आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही खडू घेऊन उभे.

तर प्रश्न असा की इथे जे टीए आहेत किंवा होते ते स्वतःला शिक्षक समजतात का? का आपण नुसते सरांचे हात, म्हणजे सरांना तीनशे पेपर तपासायला वेळ नाही म्हणून आपण? मला खरंच ठरवता येत नाहीये. ट्यूट चांगली झाली की दिवसभर वाटतं मी शिक्षक आहे, आणि चेकिंगला बसलो की वाटतं मी मशीन आहे.


मुलुंडकर:

भावा इतका विचार करू नकोस. टीएशिप ही नोकरी आहे, आठवड्याचे आठेक तास ठरलेले असतात, ते भरायचे आणि लॅबमध्ये परत जायचं. मी पण केलीय, एमटेकला आणि नंतर पीएचडीलाही. एमटेकवाल्याला १२,४०० मिळतात आणि तो आकडा कित्येक वर्षं हललेला नाही, पीएचडीला २०२३ मध्ये वाढवून ३७,००० आणि नंतरच्या वर्षांना ४२,००० केले. पवई किंवा माटुंग्याला हॉस्टेल नसेल तर त्यात खोलीचं भाडं देऊन बघ, मग शिक्षक-बिक्षक सुचतं का सांग.

'तुम्ही शिक्षक आहात' हे वाक्य कोण कधी म्हणतं ते जरा बघ. जास्तीचे शंभर पेपर तपासून हवे असतील तेव्हा. स्टायपेंड दोन महिने लटकला की मग तुम्ही विद्यार्थी, जरा धीर धरा. थीसिसच्या व्हायवाला कोणी विचारत नाही की तुमच्या बॅचला लिमिट समजली का. पेपर किती छापलेत तेवढंच विचारतात. स्पष्ट बोलतो, राग नसावा.


एप्सिलॉन:

@मुलुंडकर, राग नाही पण अर्धंच पटलं. पैशाचं शंभर टक्के सहमत. बाकीचं नाही.

मी गणितातच आहे, कॅल्क्युलसची ट्यूट घेते. पहिल्या वर्षाला येणारी पोरं म्हणजे दोन वर्षं क्लासमध्ये जेईई घासून आलेली असतात, लिमिटचं कुठलंही गणित द्या, एल हॉस्पिटलचा नियम लावून मिनिटात उत्तर. मग सर एप्सिलॉन-डेल्टा (लिमिटची काटेकोर व्याख्या) शिकवतात आणि सगळ्यांचा चेहरा पडतो, कारण इथे उत्तर काढायचं नसतं, व्याख्या लिहून सिद्ध करायचं असतं. मागच्या सेमिस्टरला क्विझमध्ये व्याख्याच विचारली होती. तपासायला बसले तर पोरांमागून पोरं एकच चूक, क्रम उलटा. 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा सापडतो' हे लिहायच्या ऐवजी 'एक डेल्टा असा सापडतो की प्रत्येक एप्सिलॉनसाठी...'. ज्यांना फरक कळला नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक कुलपाला एक किल्ली असते आणि एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागते, ही दोन वाक्यं सारखी आहेत का? दुसरं खरं धरलं तर फंक्शन त्या बिंदूच्या आजूबाजूला पार सपाट असायला हवं, एका स्थिर आकड्यावर चिकटलेलं, म्हणजे आपल्या नेहमीच्या फंक्शनांपैकी जवळपास सगळी गेलीच.

आता हे लाल पेनाने गोल करून दोन मार्क कापणं हे मशीनचं काम, मान्य. पण इतक्या पेपरात तीच चूक दिसली की ती पोरांची चूक राहत नाही ना. शिकवताना कुठेतरी ते निसटलंय. आणि हे सरांना माहीत नव्हतं! त्यांनी पेपर बघितलेच नव्हते, त्यांच्यापर्यंत फक्त ॲव्हरेज जातो. मी जाऊन सांगितलं तर ते म्हणाले अरे मी तर व्यवस्थित लिहून दिलं होतं फळ्यावर. दिलं होतंच. पण पुढच्या लेक्चरला त्यांनी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून पोरांना उदाहरणं शोधायला लावली, वीस मिनिटं गेली त्यात, आणि मिडसेमला ती चूक बरीच कमी झाली होती.

म्हणून माझं मत असं की सरांना माहीत असतं काय शिकवलं, आणि काय पोचलं ते फक्त टीएला माहीत असतं. हे जर शिकवण्याचा भाग नसेल तर मग शिकवणं म्हणजे नक्की काय राहिलं?


सेमिकोलन:

एप्सिलॉनताई +१००. मी प्रोग्रामिंगच्या लॅबचा टीए, आमच्याकडे हे जास्तच दिसतं कारण पोरगं समोर बसून चुकत असतं, पेपरसारखं नंतर कळत नाही.

लॅबमध्ये मी एकच नियम पाळतो, पोराच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. फार मोह होतो, समोर दिसत असतं की लूप एकदा जास्त फिरतोय, 'सर हे चालत नाहीये' म्हणून पोरगं रडकुंडीला आलेलं असतं, दोन सेकंदात आपण ते टाईप करून दिलं की ते खूश आणि आपण मोकळे, रांगेत अजून सहा जण उभे असतात. पण मग पुढच्या आठवड्यात तेच पोरगं तीच चूक घेऊन हजर. त्यापेक्षा मी सांगतो की लूपच्या आत आय (i) ची किंमत प्रिंट कर आणि मला वाचून दाखव. वाचता वाचता निम्मी पोरं स्वतःच 'अच्छा अच्छा' करून मला हाकलतात. हे मला कोणी शिकवलेलं नाही हे नमूद करतो, मी बीईला असताना आमच्या लॅब असिस्टंटनी कीबोर्ड हिसकावून घेतलेला त्यावरून शिकलो.

पण दुसरी बाजू पण आहे. हल्ली टीए म्हणजे हवालदार झालाय. पूर्वी कॉपी पकडायला मॉस होतं (स्टॅनफर्डचं ते सॉफ्टवेअर, १९९४ पासूनचं, दोन प्रोग्राम किती सारखे ते सांगतं, व्हेरिएबलची नावं बदलली तरी पकडतं). ते कसं, दोघांनी एकमेकांचं ढापलं तर कळायचं. आता चॅटजीपीटीने लिहून दिलं तर मॉस काय करणार, प्रत्येकाचं थोडं वेगळं येतं. मग आम्ही प्रत्येकाला बसवून विचारायचं की ही ओळ का लिहिलीस. वर्गात जो माझ्याकडे शंका घेऊन यायचा तोच आता माझ्यासमोर आरोपी म्हणून बसतो आणि मग पुढच्या लॅबला तो शंका विचारायला येत नाही. एकाच माणसाने पोलीसही व्हायचं आणि मास्तरही, जमत नाही राव.


कल्याण_फास्ट:

वाचतेय सगळं. थोडं कडवट लिहिणार आहे, आधीच सांगते.

टीए शिक्षक आहे का यावर चर्चा करायला टीए असावा लागतो. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, संलग्न कॉलेजं शेकडोंनी, त्यातल्या साध्या डिग्री कॉलेजात तुम्ही कधी टीए बघितलाय? आमच्याकडे सीएचबी असतात, म्हणजे तासिका तत्त्वावर, जितके तास घेतले तितक्याचे पैसे. मी त्यातली. सेट (प्राध्यापक व्हायची राज्याची पात्रता परीक्षा) पास आहे. वर्गात शंभराच्या वर मुलं, शिकवते मी, पेपर काढते मी, तपासते मी, इंटर्नलचे मार्क भरते मी, नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) फाईल करायची वेळ आली की ती पण मीच. वर्गात मी पूर्ण शिक्षक, आणि कागदावर तासाचा हिशोब. मे महिन्याच्या सुट्टीचा पगार नाही. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, मध्ये दादरला गाडी बदलायची.

तुम्हाला शिक्षकाचं काम अर्धं दिलंय आणि तुम्ही विचारताय मी पूर्ण शिक्षक आहे का. आम्हाला काम पूर्ण दिलंय. टोमणा नाही हं हा, म्हणजे थोडा आहे.

अवांतर, यूजीसीने २०२२ च्या पीएचडी नियमावलीत घातलंय की पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला ४ ते ६ तास टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप देता येईल, ट्युटोरियल, प्रॅक्टिकल, मूल्यमापन वगैरे. आणि आपल्या विषयाचं शिकवणं-लिहिणं याचं प्रशिक्षणही घ्यायला सांगितलंय, कुठल्याही शाखेचा असो. कागदावर छान आहे. पण जिथे प्राध्यापकांच्याच जागा भरत नाहीत तिथे हे ४ ते ६ तास म्हणजे अजून एक स्वस्त माणूस, असं माझं वाचन.


मुलुंडकर:

ताई, तुमच्यापुढे आमचं काहीच नाही, हात जोडले. पण बघा तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. काम शिक्षकाचं आणि पगार तासाचा, हे चालतं कशावर? 'शिकवणं हे व्रत आहे' यावर. म्हणून म्हणतो टीएने स्वतःला कामगार समजावं. शिक्षक समजलं की गळ्यात पडतं.


फडके_रोड:

मूळ डोंबिवली, सध्या अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत पीएचडी, टीए म्हणून बरीच सेमिस्टर काढली. मुलुंडकरांचा मुद्दा इथे अक्षरशः कोर्टकचेरीपर्यंत गेलाय म्हणून लिहितोय.

इथे पद्धत अशी की प्रोफेसर आठवड्याला दोन-तीन लेक्चर देणार, आणि डिस्कशन सेक्शन किंवा लॅब पूर्णपणे टीएची. बदल्यात ट्यूशन फी माफ आणि महिन्याचा पगार. बाहेरून आलेल्यांना बऱ्याच ठिकाणी इंग्रजी बोलण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते, पास झालात तरच वर्गासमोर उभं राहायचं, नाहीतर नुसतं चेकिंग. माझा एक बॅचमेट आयुष्यभर कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, त्याला ही परीक्षा द्यायला लावल्यावर इतका भडकला होता की विचारू नका. सेमिस्टर संपलं की मुलं टीएचं वेगळं फीडबॅक भरतात, ते नोकरीच्या अर्जाला जोडता येतं.

आता वाद. खासगी विद्यापीठातले टीए कर्मचारी की विद्यार्थी? इथल्या केंद्र सरकारच्या लेबर बोर्डाने २००० मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या बाबतीत सांगितलं कर्मचारी. २००४ मध्ये ब्राउनच्या बाबतीत फिरवलं, म्हणाले मुळात विद्यार्थी. २०१६ मध्ये कोलंबियाच्या बाबतीत परत कर्मचारी. (सरकारी विद्यापीठांना त्या त्या राज्याचा कायदा लागतो, तो वेगळा विषय.) आणि २०२२ च्या शेवटी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात ४८,००० च्या आसपास लोक संपावर गेले, टीए, पोस्टडॉक, संशोधक सगळे, ऐन परीक्षांच्या तोंडावर. ग्रेड लावायला माणूसच नाही. तेव्हा सगळ्यांना कळलं की शिकवण्याचं किती काम कोणाच्या अंगावर आहे ते. पगारवाढ मिळाली.

पण मुलुंडकर, एक गंमत सांगतो. युनियनमध्ये सगळ्यात पुढे जे होते ना, माझ्या ओळखीतले तरी, तेच सेक्शन सगळ्यात जीव तोडून घेणारे होते. कामगार समजलं की शिकवणं सुटतं असं काही दिसलं नाही मला. उलट आठ तासांचं काम आठ तासातच नीट करता यावं म्हणून भांडत होते, बॅच लहान करा, एका टीएला किती मुलं याला मर्यादा घाला. वर्गातली मुलं किती यावर शिकवता येतं की नाही ठरतं, ही मागणी पगाराची पण आहे आणि शिकवण्याची पण.


थर्ड_बेंच:

सेकंड इयर बीटेक. टीए लोकांच्या धाग्यात घुसतोय सॉरी पण पोरांची बाजू कोणीच मांडत नाहीये.

आम्ही तुम्हाला शिक्षक समजतो का? खरं सांगू, टीए कोण आलाय त्यावर आहे. सरांना कधी 'सर परत सांगा' म्हणायची हिंमत होत नाही, हॉलमध्ये तीनशे जण बघत असतात. टीएला म्हणतो. काही टीएंना आम्ही सर म्हणतो, काहींना भैया, दीदी, आणि भैया-दीदीवाल्यांकडेच शंका जातात हे लिहून घ्या. मी मराठी मीडियमचा आहे, पहिल्या सेममध्ये आमच्या बॅचला एक सांगलीची ताई होती, ट्यूट संपल्यावर हळूच मराठीत विचारलं तर तिने पण हळूच मराठीत सांगितलं, वर्गात मात्र दोघं इंग्रजीत. जेईई मेन मराठीतून देता येते हो, ॲडव्हान्स नाही, आणि इथे आल्यावर तर विषयच संपला.

पण एक तक्रार आहे. क्रिबच्या दिवशी (पेपर बघायला देतात तो दिवस) कळतं की सेम चूक, माझ्या बॅचच्या टीएने तीन कापले आणि बाजूच्या बॅचच्या टीएने शून्य. आम्ही हॉस्टेलवर पेपर शेजारी ठेवून बघतो सगळं, तुम्हाला वाटतं आम्हाला कळत नाही? मग भांडायला येतो तेव्हा टीए म्हणतो 'माय डिस्क्रिशन'. शिक्षक असाल तर कारण सांगा ना. आणि मार्कांसाठीच येतो असं नाही, म्हणजे मार्कांसाठीच येतो पण कोणी नीट बसून सांगितलं की इथे तुझं चुकलं तर मार्क नाही मिळाले तरी निम्म्या वेळा समजून जातो. सेमिस्टरमध्ये एकट्याने कोणाशी बोलायला मिळतं ती हीच दहा मिनिटं असतात.


एप्सिलॉन:

@थर्ड_बेंच तक्रार अगदी रास्त आहे आणि उपाय फार सोपा आहे. बॅचनुसार पेपर वाटायचेच नाहीत. प्रश्नानुसार वाटायचे. म्हणजे प्रश्न एक संपूर्ण वर्गाचा एकीने तपासायचा, प्रश्न दोन दुसऱ्याने. मग हात सैल असो की घट्ट, सगळ्यांना सारखाच. आधी पंधरा-वीस पेपर नुसते वाचायचे, मार्क द्यायचे नाहीत, काय काय चुका येतायत ते बघून मग कशाला किती कापायचे ते ठरवून लिहून ठेवायचं. हे केलं की क्रिबला कारण विचारल्यावर दाखवायला कागद असतो.

आणि याचा दुसरा फायदा मी वर म्हटलं तोच, एकच प्रश्न तीनशे वेळा वाचल्यावर पोरं कुठे कुठे अडकतात त्याचा पूर्ण नकाशाच डोक्यात तयार होतो. बॅचवार तपासलं तर तो दिसतच नाही.


मुलुंडकर:

आणि एकाच प्रश्नाचे तीनशे पेपर वाचून डोकं आउट होतं त्याचं काय. वेगवेगळे प्रश्न असले की निदान बदल तरी मिळतो.


एप्सिलॉन:

होतं. मध्ये चहा प्यायचा :)


निळी_शाई:

धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. मी मुंबईतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आमच्या काळी कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर आणि ट्यूटर अशी पदे असत, एमएस्सी झाल्यावर पुष्कळ जण तिथूनच सुरुवात करीत. मीही. (वैद्यकीय महाविद्यालयांत ट्यूटर अजूनही असतात, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीला.) लेक्चर देण्याचा आम्हाला अधिकार नव्हता, फक्त प्रॅक्टिकल. ब्युरेट वाचताना डोळा द्रवाच्या पातळीला आणा, वरून बघितले तर रीडिंग चुकते, हे मी किती मुलांना मान खाली करून करून दाखवले असेल त्याची गणती नाही. जर्नलवर सही करताना आकडा बघून कळत असे की हा प्रयोग केलाय की शेजाऱ्याचे उतरवलेय, कारण खरे आकडे कधी इतके सुंदर येत नाहीत.

आपल्यात आणि आमच्यात फरक एकच वाटतो. आमचे पद लहान होते पण ते पद होते. पुढे लेक्चरर व्हायची शिडी होती, कॉमन रूममध्ये खुर्ची होती, ज्येष्ठ मंडळी चहा घेताना विचारत की आज मुलांचे काय बिघडले प्रॅक्टिकलला. ते विचारणे हेच आमचे ट्रेनिंग. तुम्हा टीए मंडळींना चार-पाच वर्षांत निघून जायचे असते हे सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे तुम्हाला कोणी विचारीत नाही. पुढे तुम्ही प्राध्यापक होता तेव्हा तुमच्याकडे कोणते प्रशिक्षण असते? नेटच्या (प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) पहिल्या पेपरात टीचिंग ॲप्टिट्यूडचे मोजके प्रश्न असतात, पर्यायांवर खूण करायची. सीएसआयआर नेट (विज्ञान विषयांची) दिली असेल तर तेही नाही, गेटचे तर बोलायलाच नको.

वास्तविक याच शहरात मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासून. मुले विज्ञानात कुठे आणि का अडखळतात यावरच तिथे संशोधन चालते, पीएचडी होतात. टीए मंडळींना दोन दिवस तिथे नेऊन बसवले तरी पुष्कळ होईल.

एक प्राध्यापक म्हणून सांगतो. एप्सिलॉन यांनी जसे त्यांच्या सरांना सांगितले तसे मला कोणी येऊन सांगितले असते तर पहिल्यांदा मला रागच आला असता. रात्री झोपताना पटले असते. तेव्हा सांगा, पण लेखी द्या, एका पानात, आणि पुढच्या लेक्चरच्या आधी द्या. एंडसेमनंतर दिलेल्या नोटचा उपयोग रद्दीला.


अर्धवट_पीएचडी:

बापरे, दोन दिवस आलो नाही तर धागा कुठल्या कुठे गेला. सगळ्यांचे आभार, निळी_शाई सर तुमचे विशेष.

नोटची आयडिया घेतोय. मिडसेमचं चेकिंग येतंय, आम्ही चार टीए आहोत, त्यांना एप्सिलॉन म्हणतात तसं प्रश्नानुसार वाटून घ्यायला तयार केलंय (एक जण कुरकुरतोय, त्याला शेवटचा मोठा प्रश्न आलाय). प्रत्येकाने आपल्या प्रश्नात काय दिसलं ते आठ-दहा ओळीत लिहायचं आणि एक पान करून सरांना द्यायचं असं ठरलंय. कोणाची नावं नाहीत, फक्त काय चुकतंय आणि साधारण किती जणांचं. दोन-तीन पेपरांचे फोटो, नाव झाकून.

पण धाकधूक आहे. सरांना वाटलं तर, की हे मला शिकवायला निघाले? गाईड आणि कोर्सचे सर एकाच डिपार्टमेंटचे, रोज एकत्र जेवतात.


सेमिकोलन:

'तुमचं इथे चुकलं' असं लिहू नका, 'मुलांनी असं लिहिलंय' एवढंच लिहा. पेपरचा फोटो जोडलाय ना, मग तुम्हाला काही म्हणायची गरजच नाही.


फडके_रोड:

आमच्याकडे दर आठवड्याला टीए आणि प्रोफेसरची मीटिंग असते त्यात हे तोंडी होतं, पण तिथेही प्रोफेसरवर आहे. काही जण खरंच ऐकतात, काही जण पिझ्झा मागवून विषय बदलतात.


मुलुंडकर:

मी अजूनही माझ्या मतावर ठाम आहे हे आधी नोंदवतो. पण नोट देणारच असाल तर एक काम करा, सगळ्यात खाली लिहा की हे तपासायला आणि ही नोट करायला चौघांचे मिळून किती तास लागले. खरे तास, कमी करून नाही. लाजू नका. शिकवण्याचं काम म्हणता ना, मग त्याला वेळ लागतो हे पण सरांना दिसू दे. आठ तासात बसत नसेल तर पुढच्या वेळी अजून एक टीए मागायला त्यांच्याच हातात कागद येईल.


एप्सिलॉन:

मुलुंडकर, हे मात्र मान्य. मी पण माझ्या नोटमध्ये टाकणार.


कल्याण_फास्ट:

नोट छान आहे हो. आमच्याकडे कोणाला द्यायची? शिकवणारी मीच, तपासणारी पण मीच.


निळी_शाई:

ताई, स्वतःसाठीच लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तोच भाग शिकवण्याआधी काढून वाचा. मी एक वही ठेवली होती तशी.


कल्याण_फास्ट:

ठेवते सर. पुढच्या वर्षी तोच वर्ग मलाच मिळाला तर. जाहिरात जून-जुलैत येते, तेव्हा परत अर्ज, परत इंटरव्ह्यू.